पिवळी पाटी, गोल डोळे

दिसायला आजीच्या जमान्यातली, पण आहे अगदी आजची. लहान गाडी म्हणजे तडजोड, हा आपला जुना फंडा एका इटुकल्या जपानी गाडीने कसा मोडीत काढला, त्याची ही गोष्ट...

टोकियोच्या एखाद्या निवासी भागातली गल्ली डोळ्यांसमोर आणा. दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ आलेली की समोरच्या बाल्कनीत वाळत घातलेला टॉवेल हात लांब करून काढता यावा. फुटपाथ नाही. विजेचे खांब रस्त्याच्या कडेला नाहीत, जवळजवळ रस्त्यातच. आणि त्या खांबाला, कुणाच्या तरी कुंड्यांना आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या सायकलीला धक्का न लावता एक क्रीम रंगाची गाडी अलगद आत वळते. गोल डोळे, क्रोमचा नाजूक दागिना, गुबगुबीत गाल. तुम्ही मनातल्या मनात म्हणता, वा! काय व्हिंटेज पीस जपलाय! मग नजर खाली जाते. नंबर प्लेट पिवळी, त्यावर काळे आकडे.

हात्तिच्या, टॅक्सी?

आपला असा गोंधळ होणारच. आपल्याकडे पिवळ्यावर काळं म्हणजे भाड्याची गाडी. जपानमध्ये पिवळ्यावर काळं म्हणजे खासगी मालकीची ‘केइ कार’. गंमत म्हणजे धंद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या केइ गाडीला तिकडे काळ्यावर पिवळे आकडे असतात, म्हणजे आपल्याकडच्या सेल्फ ड्राइव्ह गाड्यांसारखे. दुसरा गैरसमजही इथेच दूर करून टाकू. ही गाडी व्हिंटेज वगैरे अजिबात नाही. ही आहे सुझुकीची लापाँ एलसी, बाजारात आली २०२२ च्या जूनमध्ये. लापाँ म्हणजे फ्रेंचमध्ये ससा.

मिलिमीटरचा हिशेब

‘केइ’ म्हणजे हलकं. पूर्ण शब्द ‘केइ-जिदोशा’, हलकी मोटारगाडी. आपल्याकडे ‘स्मॉल कार’ म्हणतात तसा हा मोघम प्रकार नाही. ही सरकारने आखून दिलेली चौकट आहे. १९९८ पासून तिची मापं अशी: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर, इंजिन ६६० सीसी, माणसं जास्तीत जास्त चार. यातलं एक माप जरी ओलांडलं, तरी गाडी केइ राहत नाही. ६४ अश्वशक्तीची मर्यादा मात्र कायद्यात नाही. ती कंपन्यांनी आपापसांत ठरवली आणि इतकी वर्षं गुमान पाळली.

एवढं अंग चोरून बसायचं, तर त्या बदल्यात मिळतं काय? भरपूर मिळतं. केइ गाडीचा वर्षाचा कर १०,८०० येन, तर एक लिटरपर्यंतच्या साध्या गाडीला २५,००० येन. एक्स्प्रेसवेचा टोल सुमारे २० टक्के कमी. आणि सगळ्यात मोठी सोय पार्किंगच्या कागदपत्रांची. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे की गाडी घ्यायची तर ती कुठे उभी करणार ते आधी दाखवा. घरापासून दोन किलोमीटरच्या आत तुमची जागा हवी आणि तसा दाखला पोलिसांकडून हवा. (मुंबई परिसरात पार्किंगच्या दाखल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही, अशी घोषणा २०२५ मध्ये आपल्या राज्य सरकारनेही केली होती, तेव्हा किती सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रणकंदन माजलं असेल, कल्पना करा!) केइ गाडीला या भानगडीतून सूट. छोट्या गावांत काहीच लागत नाही आणि मोठ्या शहरांत गाडी घेतल्यावर जागा कळवली की काम होतं.

आता कंपन्या काय करतात? अर्थात, चौकटीचा कानाकोपरा वापरतात. आजची जवळपास कुठलीही केइ प्रवासी गाडी मोजा, लांबी ३,३९५ मिलिमीटर आणि रुंदी १,४७५ मिलिमीटर भरते. दोन्हीकडे पाच-पाच मिलिमीटर सोडले, बाकी सगळं खाल्लं. होंडा असो, दाइहात्सू असो की सुझुकी, वरून बघितलं तर सगळ्यांची सावली सारखीच पडणार. मग एकीला दुसरीपेक्षा वेगळं दिसायचं असेल, तर जागा उरतात दोनच: उंची आणि चेहरा.

बहुतेकांनी उंची निवडली. सुझुकीच्या वॅगन आरने १९९३ मध्ये हा मार्ग दाखवला. आपल्याकडे अजूनही रस्तोरस्ती दिसणाऱ्या वॅगन आरचं मूळ हेच. पुढे दाइहात्सूची टॅन्टो आली, २०११ मध्ये होंडाची एन-बॉक्स आली आणि केइ गाड्या फ्रिजसारख्या उभ्या वाढत गेल्या. आत छोटी सायकल उभी मावते, पोरं उभ्याने कपडे बदलू शकतात. हिशेबी माणसाला याहून अधिक काय हवं?

लापाँने चेहरा निवडला.

पिवळेपणाची लाज

हा चेहरा इतका महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी पुन्हा त्या पिवळ्या प्लेटकडे यावं लागेल. ती १९७५ पासून लागायला लागली. रस्त्यावर लांबूनच कळावं की ही हलकी जात आहे, हिला टोल कमी, हिची वेगमर्यादा वेगळी. एक्स्प्रेसवेवर साध्या गाड्या १०० च्या वेगाने जात असताना केइ गाड्यांना २००० सालापर्यंत ८० चीच मुभा होती. नियम समान झाला, प्लेट मात्र पिवळीच राहिली. आणि प्लेटमागचा अर्थही राहिला: याला मोठी परवडली नाही.

जपानी माणूस हे तोंडाने बोलणार नाही. पण २०१७ मध्ये मजा झाली. दोन वर्षांनी होणाऱ्या रग्बी विश्वचषकानिमित्त सरकारने खास नंबर प्लेट काढल्या आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकच्याही. थोडे जादा पैसे भरा आणि हौसेने लावा. या प्लेट पांढऱ्या होत्या आणि केइ गाड्यांनाही पांढऱ्याच मिळत होत्या. झालं! केइवाल्यांची झुंबड उडाली. एवढ्या सगळ्यांना एकदम रग्बीचं वेड लागलं होतं, असं मानायला मी काही तयार नाही.

म्हणजे बघा, टॅक्स वाचतोय, टोल वाचतोय, पार्किंग सोपं, तरीही मनात कुठेतरी टोचतंच. आपल्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पहिली गाडी घेताना ‘सध्या हीच, नंतर मोठी घेऊ’ हे वाक्य आपण किती वेळा ऐकलंय! लहान गाडी ही पायरी. तिच्यावर पाय ठेवायचा आणि पुढे जायचं.

रेट्रो गाडीने नेमकी इथे बाजी मारली. गोल दिवे आणि क्रोम लावलेल्या गाडीला कुणी ‘परवडत नाही म्हणून घेतली’ असं म्हणत नाही. ती आवडली म्हणून घेतलेली असते. तोच आकार, तेच इंजिन, तीच पिवळी प्लेट. अर्थ बदलला.

अंड्याचं कवच

आणि यातली खरी गंमत तर पुढेच आहे. जी गोलाई आज हौसेची वस्तू म्हणून विकली जाते, ती मुळात गरिबीतून आली होती.

सुबारू ३६०. सन १९५८. युद्धाला जेमतेम तेरा वर्षं झालेली. केइची चौकट तेव्हा आणखी छोटी होती: तीन मीटर लांबी, १.३ मीटर रुंदी, ३६० सीसी. ती गाडी बनवणारी फूजी हेवी इंडस्ट्रीज ही कंपनी नाकाजिमा या विमान कंपनीच्या अवशेषांतून उभी राहिलेली. युद्धानंतर विमानं बनवायला बंदी आली, तेव्हा विमानाचे इंजिनियर आधी स्कूटर आणि मग मोटारीकडे वळले. पत्रा पातळ वापरायचा, कारण पैसा आणि वजन दोन्ही वाचवायचं. पण पातळ पत्रा सपाट ठेवला तर लपलपतो. मग त्याला गोलवा दिला, अंड्याच्या कवचासारखा. छप्पर फायबरचं. इंजिन मागे, ३५६ सीसीचं, १६ अश्वशक्तीचं. दारं उलटी उघडणारी. सगळी मिळून गाडीचं वजन ३८५ किलो, आणि त्यात चार मोठी माणसं बसत. किंमत ४ लाख २५ हजार येन. लोकांनी तिला प्रेमाने नाव दिलं ‘तेन्तोमुशी’, म्हणजे ती लाल पाठीवर काळे ठिपके असलेली चिमुकली भुंगेरी. १९७० पर्यंत ती बनत राहिली. (अमेरिकेतही गेली बिचारी, १९६८ मध्ये. तिथल्या ग्राहक मासिकाने तिला सुरक्षेच्या बाबतीत सपशेल नापास केलं. त्यांच्या हायवेवर, त्यांच्या रणगाड्यांच्या शेजारी ती पाहिली तर त्यांचंही चुकलं असं म्हणवत नाही.)

पुढे जपान श्रीमंत झाला आणि गाड्या चौकोनी झाल्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पैसा नुसता ओसंडून वाहत होता, आणि नेमकं तेव्हाच लोकांना जुनी गोलाई आठवायला लागली. निस्सानने १९८७ मध्ये बी-वन ही गाडी दहा हजारच काढली आणि ती हातोहात गेली. मग पाओ. मग १९९१ मध्ये फिगारो, जिच्यासाठी चक्क लॉटरी काढावी लागली, तीही वीस हजार गाड्या असताना. या गाड्या केइ नव्हत्या, मापाने थोड्या मोठ्या. पण त्यांनी एक गोष्ट सिद्ध केली की नव्या इंजिनावर जुना चेहरा चढवला तर लोक रांग लावतात. त्याच काळात जुन्या ब्रिटिश मिनीवर जपानी लोक असे काही फिदा होते की नव्वदच्या दशकात तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जपान होतं.

केइवाल्यांनी हे हेरलं. सुबारूने १९९५ मध्ये विव्हिओ या आपल्या साध्यासुध्या गाडीला गोल दिवे आणि चकचकीत जाळी लावून ‘बिस्ट्रो’ नावाने विकायला ठेवलं. तुफान चालली. मग काय, दाइहात्सू, सुझुकी, मित्सुबिशी, सगळ्यांनी आपापल्या गाड्या ब्युटी पार्लरमध्ये पाठवल्या. खरं सांगायचं तर त्यातल्या बऱ्याच जणी हास्यास्पद दिसायच्या. पुढून इंग्लंडची राणी, मागून १९९० ची हॅचबॅक. लग्नाच्या हॉलमध्ये फक्त स्टेजला रोषणाई करावी, तसला प्रकार.

ससा जन्मला

लापाँचं वेगळेपण ते हेच. ती २००२ च्या जानेवारीत आली ती मेकअप करून नाही. खालचा सांगाडा सुझुकी आल्टोचा, पण वरचं अंग संपूर्ण नवं. एक डबा, ज्याचे सगळे कोपरे कुणीतरी हाताने घासून गोल केलेत. उगाच कुठल्या जुन्या गाडीची नक्कल नाही. जुन्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याने जसं बरं वाटतं, तसं काहीतरी. २००८ मध्ये दुसरी पिढी आली, २०१५ मध्ये तिसरी. आणि तिसरीवर २०२२ मध्ये एलसीचा साज चढला. तिचा चेहरा पाहून जाणकारांना सुझुकीची साठ-सत्तरच्या दशकातली फ्रोंते आठवते.

आत बसलात की डॅशबोर्ड डॅशबोर्ड वाटत नाही, एखाद्या छोट्या फ्लॅटमधलं लाकडी टेबल वाटतं. शेजारच्या सीटसमोर ओढून उघडायचा खण. एलसीमध्ये तपकिरी, चामड्यासारख्या दिसणाऱ्या सीट. आणि गाडीभर ठिकठिकाणी लपवलेले ससे! मीटरच्या पडद्यावर ससा, इकडे-तिकडे नक्षीत ससा. एक सापडला की दुसरा शोधत बसायचं. सिग्नलला वेळ बरा जातो.

ही गाडी सुझुकीने उघडउघड तरुण मुली आणि बायका डोळ्यांसमोर ठेवून बनवली. ऊन अडवणाऱ्या काचा, पर्स ठेवायला जागा, वगैरे. त्यावरून ‘बायकांची गाडी’ असा शिक्का बसायचा तो बसलाच. पुरुषांना लाज वाटू नये म्हणून की काय, २००३ मध्ये लापाँ एसएस नावाची एक टर्बो इंजिनाची, पाच गिअरची आवृत्तीही आली. जुन्या गाड्यांच्या बाजारात आज तिच्यामागे जे लागलेले असतात, ते ससे मोजायला नक्कीच जात नाहीत!

चालवायला कशी? २०२२ च्या एलसीत होतं ६५८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ५२ अश्वशक्ती. कागदावर हसू येतं. पण टू-व्हील ड्राइव्ह गाडीचं वजन ७०० किलोच्या आत होतं, आणि शहरात सिग्नल ते सिग्नल एवढंच जायचं असतं. वळायला लागते ४.४ मीटरची त्रिज्या, जिथे आपल्या स्विफ्टला ४.८ लागते. म्हणजे ज्या गल्लीत आपण मागे-पुढे, मागे-पुढे करत घाम गाळतो, तिथे ही एका दमात फिरते. एक्स्प्रेसवेवर मात्र चार माणसं आणि सामान घेऊन चढ लागला की इंजिन ओरडून ओरडून आपली कैफियत मांडतं. मागे डिकी म्हणजे वीकएण्डची एक बॅग. सरकती दारं नाहीत. त्याच पैशांत दुप्पट जागेची उभट केइ मिळते. एलसीची किंमत आली तेव्हा सुमारे १४ लाख येनपासून होती, त्या वेळच्या भावाने आठेक लाख रुपये. स्वस्तात मस्त म्हणावी अशी ही गाडी नाही. इथे जास्त पैसे देऊन कमी जागा विकत घ्यायची असते, आणि ते जाणूनबुजून.

आपली चुलत बहीण

लापाँ भारतात कधी विकायला आली नाही. पण नातं आहे, आणि जवळचं आहे.

सुझुकीने १९७९ मध्ये ४ लाख ७० हजार येनला आल्टो आणली. त्याच घराण्यातली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत पहिल्या भारतीय गिऱ्हाइकाच्या हातात पडली, मारुती ८०० म्हणून. इंजिन ७९६ सीसीचं, त्यामुळे जपानी कायद्याने ती केइ नव्हती, पण अंगाने केइच. लांबी ३,३३५ मिलिमीटर. म्हणजे आजची लापाँ तुमच्या बाबांच्या ८०० पेक्षा फक्त सहा सेंटिमीटर लांब आहे! ज्या ८०० मध्ये आपण पाच जण, वर आजीचं गाठोडं आणि पायाशी आंब्याची पेटी घेऊन कोकणात गेलो, तेवढीच.

मग ८०० गेली आणि आपण ती विसरून उंच उंच गाड्यांकडे सरकलो. सरकारने २००६ मध्ये चार मीटरच्या आतल्या गाड्यांना करात सवलत दिली, तेव्हा आपल्याकडेही कायद्याने गाड्यांचे आकार घडवले. फक्त आपण त्या चौकटीत बसवल्या छोट्या एसयूव्ही. छाती पुढे काढलेल्या. आणि जी खरोखरच लहान होती, तिचं काय झालं? टाटांची नॅनो २००९ मध्ये आली: ३.१ मीटर लांब, ६२४ सीसी, मुंबई-पुण्याच्या ट्रॅफिकसाठी यापेक्षा शहाणी गाडी शोधून सापडली नसती. पण तिच्या कपाळावर ‘सगळ्यात स्वस्त’ असा शिक्का बसला आणि तो कुणालाच आपल्या दारात नको होता. ती तशी विकली जाणं ही चूक झाली, हे खुद्द रतन टाटांनी पुढे कबूल केलं. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गोल दिवे आणि थोडं क्रोम लावून ती वाचली असती का? सांगता येत नाही. पण निदान तिच्या मालकाला शेजाऱ्याला स्पष्टीकरण द्यावं लागलं नसतं.

होंडाचं उदाहरण इथे बघण्यासारखं आहे. १९६७ च्या एन३६० चा चेहरा घेऊन त्यांनी २०१२ मध्ये एन-वन आणली. २०२० मध्ये नवी पिढी आली तेव्हा खालचं सगळं बदललं, पण बाहेरचे पत्रे जवळपास तसेच ठेवले. नवीन गाडी घेतली हे शेजाऱ्यांना कळूच नये, अशी ही सोय! २०२५ मध्ये त्याच चेहऱ्याची विजेवर चालणारी आवृत्तीही आली, एका चार्जमध्ये २९५ किलोमीटर.

वरच्या मजल्यावर

शेवटी एक गोष्ट राहिली, आणि शहरात राहणाऱ्याला तीच सगळ्यात जास्त भिडेल. पार्किंग.

जपानी शहरांत जागा नाही म्हणून गाड्या उभ्या रचतात. बाहेरून बिनखिडक्यांची अरुंद इमारत दिसते. खाली एक दार. गाडी आत लोखंडी ताटावर लावायची, आपण बाहेर यायचं, बटण दाबायचं. ताट गाडीला घेऊन वर जातं आणि कपाटात भांडं ठेवावं तशी ती कुठल्या तरी खणात जाऊन बसते. अशा कितीतरी जुन्या टॉवरच्या दाराशी उंचीची मर्यादा लिहिलेली असते: १,५५० मिलिमीटर.

एन-बॉक्सची उंची आहे १,७९० मिलिमीटर. ती आत सायकल मावणारी, हिशेबी, देशातली सगळ्यात खपाची केइ इथे दाराबाहेरच अडते. तिच्या ड्रायव्हरला आणखी दोन चौक पुढे जाऊन उघड्यावरची जागा शोधावी लागते. नवी एन-वन १,५४५, आत जाते. लापाँ १,५२५, तीही आत जाते. डोक्यावर अडीच सेंटिमीटर मोकळे. दार बंद होतं, साखळ्यांचा खडखडाट होतो, आणि पिवळी पाटीवाला ससा सावकाश वर निघून जातो.